खटारा घेऊन दूरदेशी

संगणकावरील खेळांविषयी आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचे जे मत बनलेले असते, ते बहुधा गोळीबाराच्या आणि भरधाव शर्यतींच्या खेळांवरून बनलेले असते, आणि ते अगदीच निराधार असते असे मी म्हणणार नाही. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत युरोपातील काही एकांड्या कारागिरांनी, कोणा धनाढ्य कंपनीचा आश्रय न घेता, या क्षेत्रात एक विक्षिप्त परंतु मोठा मनोरंजक प्रकार रूढ केला आहे. त्यात हरवावयास प्रतिस्पर्धी नसतो, मारावयास शत्रू क्वचितच असतो, आणि खेळाडूच्या पदरी एक जराजर्जर मोटार, तुटपुंजी शिल्लक आणि क्षितिजापर्यंत पसरलेला रस्ता एवढाच सरंजाम दिलेला असतो. मोटार चालती ठेवावी, जमाखर्चाची तोंडमिळवणी करावी आणि मजल-दरमजल करीत मुक्काम गाठावा, इतकाच त्यातील पुरुषार्थ. ज्या वाचकांस हा खेळ घरी आणून पाहावयाची इच्छा आहे, आणि ज्यांची पहिल्याच तासात आडरानात मोटार बंद पडून निराशा झाली आहे, अशा उभयतांसाठी पुढील सूचना आहेत. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत ज्यांचे बालपण गेले, त्यांचा या विद्येवर पूर्वाधिकार आहे असे माझे स्पष्ट मत आहे. कारण गणपतीच्या आदल्या दिवसांत काकांची फियाट घेऊन कोकणात उतरणे हा याच खेळाचा मूळ आणि घाम काढणारा पाठ होय, आणि त्या प्रवासाचे जे शिरस्ते आपण मागच्या आसनावर बसून नकळत शिकलो, तेच येथे अक्षरशः उपयोगी पडतात.

प्रथम निवडीचा प्रश्न. या प्रकारातील तीन खेळ मी येथे विचारार्थ घेतो. ‘जॅलोपी’ हा मिन्स्कवर्क्स या छोट्या ब्रिटिश संस्थेचा खेळ 2018 मध्ये पूर्णत्वास गेला. बर्लिनची भिंत पडल्यानंतरच्या दिवसांत ल्युत्फी नावाच्या तुर्की काकांना शेजारी बसवून, लायका 601 नामक मोटारीतून, पूर्व बर्लिनहून चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, युगोस्लाव्हिया आणि बल्गेरिया ओलांडीत इस्तंबूलला जावे, अशी त्याची योजना आहे. ‘माय समर कार’ हा फिनलंडचा. 1995 सालच्या उन्हाळ्यात, सुट्या सुट्या भागांत विखुरलेली सत्सुमा नावाची मोटार एकेक बोल्ट आवळीत स्वतः जोडावयाची आणि मगच रस्त्यावर आणावयाची. ‘द लाँग ड्राइव्ह’ हा हंगेरीतील एका कारागिराने 2019 मध्ये विक्रीस आणला. त्यात एक निर्मनुष्य वाळवंट, एक रस्ता, मोडकळीस आलेल्या मोटारी आणि मधूनच अंगावर धावून येणारे ससे, एवढेच आहे. नवख्याने आरंभ ‘जॅलोपी’पासून करावा, कारण त्यात कथा आहे, सोबत आहे आणि चुकीस थोडीफार क्षमाही आहे. ‘माय समर कार’ हा प्रौढांनीच खेळावा. त्यातील मद्यपान आणि ग्राम्य भाषा मुलांसमोर ठेवण्याजोगी नाही, आणि त्यात आलेला मृत्यू कायमचा ठरविण्याची सोयही आहे. ‘द लाँग ड्राइव्ह’ ज्यांस एकांताचा कंटाळा येत नाही त्यांच्यासाठी.

लायका ही ज्या मोटारीवरून बेतली आहे, ती पूर्व जर्मनीतील त्राबांट 601 आमच्या फियाटीची समवयस्क आहे, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. 1964 साली त्स्विकाऊच्या कारखान्यातून त्राबांट 601 बाहेर पडू लागली, आणि त्याच वर्षी वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 डिलाइट निघू लागली, जी पुढे 1974 मध्ये प्रीमियर पद्मिनी म्हणून सर्वतोमुखी झाली. दोन्ही देशांत मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि म्हणून दोन्ही देशांत मोटार टाकून देण्याची नव्हे तर दुरुस्त करीत राहण्याची विद्या वाढीस लागली. त्राबांटचा बाह्य पत्रा तर पत्रा नव्हताच. कापसाचे टाकाऊ तंतू आणि फिनॉलची राळ यांच्या दाबलेल्या मिश्रणाचा तो होता. ज्या गिरणगावात कापसाची धूळ पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या छातीत गेली, तेथील वाचकास कापसाची मोटार ही कल्पना ऐकून क्षणभर थांबावेसे वाटेल. आमच्या पद्मिनीचे उत्पादन थांबल्यावरही टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईत टिकली; ताडदेवच्या परिवहन कार्यालयात अखेरची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर तिचा सेवाकाल संपला.

आता रवानगीपूर्वीची तजवीज. या सर्व खेळांत सुरुवातीचा अर्धा तास अत्यंत निर्णायक असतो, आणि उतावीळ खेळाडू नेमका तोच वाया घालवितो. मोटारीचे टोपण उघडून प्रत्येक भाग आपल्या जागी आहे की नाही, बॅटरी जोडली आहे का, कार्बोरेटर, हवेची जाळी आणि ठिणगी देणारे कॉइल कोणत्या अवस्थेत आहेत, हे पाहिल्याखेरीज चावी फिरवू नये. लायकाचे इंजिन दोन ठोक्यांचे असल्यामुळे पेट्रोलात तेल मिसळावे लागते, ही गोष्ट परदेशी खेळाडूंस नवलाची वाटते. परंतु ज्यांच्या घरी बजाजची जुनी स्कूटर होती, त्यांनी पेट्रोल पंपावर टू-टी ऑइलसाठी रांगेत उभे राहून हे मिश्रण कित्येकदा पाहिले आहे. खऱ्या त्राबांटमध्ये उत्तरकाळी 50 भाग पेट्रोलास 1 भाग तेल असे प्रमाण होते. तेल कमी पडले तर इंजिन झिजते, अधिक झाले तर धूर ओकत ते रडू लागते; म्हणून टाकी भरताना दर वेळी तेलाचा हिशेब करावा आणि एक बाटली डिकीत राखीव ठेवावी. ‘द लाँग ड्राइव्ह’मध्ये तर ही जबाबदारी अधिकच कठोर आहे: तेथे रस्त्यात मिळालेल्या डब्यात पेट्रोल आहे, डिझेल आहे की पाणी, हे न पाहता ओतणाऱ्याचा प्रवास तेथेच समाप्त होतो. ‘माय समर कार’मध्ये बोल्ट आवळावयाचा राहिला तर तो भाग चालत्या मोटारीतून गळून पडतो, आणि जोडलेली मोटार तपासणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय तिला नंबराची पाटी मिळत नाही. पासिंगसाठी गाडी नेण्यापूर्वी दिवे, ब्रेक, भोंगा पुनःपुन्हा पाहणाऱ्या आपल्या टॅक्सीवाल्यांची काळजी तेथे अंगी बाणवावी.

डिकीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक प्रवास डिकीतच फसतात. चाकरमान्याची डिकी कशी भरली जाई ते आठवावे: लालबागच्या बाजारातून घेतलेले मसाले, चिवड्याचे पुडे, मखराचे साहित्य, गावच्या माणसांसाठी कपडे, आणि या सर्वांच्या खाली, शोधूनही हाती लागणार नाही अशा ठिकाणी, स्टेपनी आणि जॅक. पंक्चर व्हावयाचे ते भर पावसात आणि घाटाच्या पायथ्याशीच व्हावयाचे, आणि मग सारे बिऱ्हाड रस्त्याच्या कडेला मांडून स्टेपनी बाहेर काढावी लागे. ‘जॅलोपी’त डिकीची जागा मोजकी असते, आणि तिच्यावर दोन हक्कदार असतात: वाटेत विकावयाचा माल आणि दुरुस्तीचे साहित्य. लोभी खेळाडू मालास झुकते माप देतो. माझी शिफारस अशी की एक चाक, दुरुस्तीची पेटी, जॅक, पहार आणि पेट्रोलचा डबा यांची जागा प्रथम कायम करावी, आणि उरलेल्या जागेतच व्यापार करावा. खऱ्या फियाटीत जे अनुभवी लोक फॅनबेल्ट, एक-दोन प्लग, कंडेन्सर आणि पाण्याचा कॅन घेतल्यावाचून परळ सोडीत नसत, ते भित्रे नव्हते. रात्री अकरानंतर पोलादपुरात ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांची दुकाने नसतात, एवढे त्यांस ठाऊक होते.

पैशाचा मामला या खेळात मोठा रंजक आहे. आरंभी मिळणारी रक्कम पेट्रोल आणि मुक्काम यांतच संपते, म्हणून वाटेत उत्पन्नाची तरतूद करावी लागते. ‘जॅलोपी’त रस्त्याच्या कडेस खोकी पडलेली असतात आणि सोडून दिलेल्या मोटारी उभ्या असतात, त्यांतून कॉफी, तंबाखू, मद्य, औषधे, कापड असा माल हाती लागतो, आणि तो पुढच्या गावच्या दुकानात विकता येतो. पण प्रत्येक देशात भाव निराळा आणि निषिद्ध मालही निराळा, आणि सरहद्दीवर पहारेकरी डिकी उघडून झडती घेतात. तेव्हा सरहद्द गाठण्यापूर्वी कोणता माल पलीकडे चालत नाही ते पाहून, तो अलीकडेच, थोड्या कमी भावाने का होईना, विकून टाकावा. दंड भरून शिवाय माल गमावण्यापेक्षा ते शहाणपणाचे. मुंबईत महापालिकेची जकात 1 जुलै 2017 रोजी रद्द होईपर्यंत मानखुर्द, मुलुंड, दहिसर येथील नाक्यांवर ज्यांनी मालाच्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या आहेत, त्यांस हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. ‘माय समर कार’मध्ये उत्पन्नाचे एक साधन म्हणजे गावातील घरांच्या मैलाटाक्या मोठ्या टँकरने उपसून देणे, काम किळसवाणे, पण मोबदला चोख. ज्यांस त्याचा संकोच वाटतो त्यांनी मोटारीस नवे चाक घेण्याची अपेक्षाही धरू नये.

मार्गाची निवड हा या विद्येचा गाभा आहे, आणि येथे कोकणच्या रस्त्याइतका उत्तम गुरू सापडणार नाही. गिरगावातून निघून पनवेलजवळ पळस्पे फाट्यास वळले, की कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर अशी सरळ वाट आहे; पुढे कशेडी, खेड, परशुराम घाट आणि चिपळूण. नकाशात हीच वाट जवळची. तिचे रुंदीकरण 2011 पासून चाललेले असल्यामुळे, आणि त्या दीर्घ काळात खड्डे, वळविलेल्या वाटा आणि चिखल हाच तिचा स्थायिभाव होऊन बसल्यामुळे, कित्येक चाकरमानी गणपतीत मुद्दाम पुण्यावरून सातारा, कराड करीत कुंभार्ली घाटाने चिपळुणास, किंवा कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीकडे, किंवा फोंडा घाटाने कणकवलीस उतरतात. अंतर वाढते, पेट्रोल अधिक जळते, पण चाके आणि कंबर शाबूत राहतात. कशेडीला आता बोगदा झाला आहे, त्यामुळे हे गणित दर वर्षी नव्याने मांडावे लागते, हेही खरे. खेळातही मुक्कामाच्या ठिकाणी नकाशा उघडला की जवळचा परंतु खराब आणि लांबचा परंतु बरा असे पर्याय समोर येतात. तेथे नवखा अंतर मोजतो. जाणत्याने चाकांची आणि इंजिनची अवस्था आधी मोजावी. चाके नवी असतील, खिसा रिकामा असेल आणि वाटेत माल सापडण्याची आशा असेल, तर खराब रस्ता घेण्यास हरकत नाही. चाके झिजलेली असतील तर लांबचा रस्ता हाच स्वस्त.

चालविण्याच्या बाबतीत एकच नियम सांगावयाचा तर मोटारीस पथ्यावर असलेल्या वडीलधाऱ्या माणसाप्रमाणे वागवावे. पद्मिनीचे 1089 घनसेंटिमीटरचे इंजिन आणि सुकाणूच्या दांड्यावरील तिचा गिअर यांची ज्यांस सवय होती, ते चढावर गिअर वेळेआधी उतरवीत, उतारावर इंजिनच्या बळावर गाडी धरून ठेवीत, आणि घाटमाथ्यावर पोहोचताच, कोणी न सांगता, पाच मिनिटे थांबत. उन्हाळ्यात इंजिन तापून पेट्रोलची वाफ नळीत अडकली आणि गाडी गपकन बंद पडली, की इंजिनच्या पेट्रोल-पंपावर ओले फडके गुंडाळून ती निवेपर्यंत सगळे आंब्याच्या सावलीत बसून राहत. चिडून सेल्फ मारीत राहणारा माणूस बॅटरीही गमावून बसे. त्या थांबण्यास कोणी पराभव मानीत नसे. या खेळांतही हीच वृत्ती ठेवावी. पाऊस लागला तर वेग कमी करावा; काच मळली की उतरून ती पुसावी, अंदाजाने चालवू नये; आणि संगीत वाजते आहे म्हणून इंजिनचा आवाज ऐकण्याचे सोडू नये, कारण मोटार बिघडण्याची पहिली वर्दी डोळ्यांस नव्हे, कानास मिळते.

तरीही मोटार बंद पडणारच. अशा वेळी घाबरून सगळेच भाग काढून बसणे हे नवख्याचे लक्षण. परळ-लालबागच्या गल्ल्यांतील जुन्या मेकॅनिकांची तपासणीची रीत क्रमबद्ध होती: आधी पेट्रोल पोहोचते का ते पाहावे, मग प्लग काढून ठिणगी येते का ते पाहावे, मग हवा, आणि या तिन्हींचा निकाल लागल्यावाचून चौथ्या गोष्टीस हात लावू नये. ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय’ हे त्यांचे निदान शंभरात कित्येक वेळा खरे ठरे. खेळातही हाच क्रम ठेवावा: टाकी, मग कार्बोरेटर आणि हवेची जाळी, मग कॉइल आणि बॅटरी. जो भाग सर्वांत झिजलेला दिसेल त्यावरच दुरुस्तीचे साहित्य खर्च करावे, सर्वांना थोडे थोडे वाटू नये. पाच भाग अर्धवट बरे असण्यापेक्षा चार भाग ठणठणीत आणि पाचवा बदललेला असणे श्रेयस्कर. आणि रस्त्यात सोडून दिलेली मोटार दिसली तर, घाई कितीही असो, थांबावे. चोरबाजारात हिंडण्याची ज्यांस गोडी आहे, त्यांस हा उपदेश अनावश्यक वाटेल.

शरीराचीही काळजी घ्यावी लागते. ‘द लाँग ड्राइव्ह’मध्ये भूक, तहान आणि इतर देहधर्म यांची नोंद ठेवली जाते, तेव्हा रेडिएटरसाठी ठेवलेले पाणी आणि पिण्याचे पाणी यांचा हिशेब वेगळा करावा. ‘जॅलोपी’त रात्री मुक्काम करून झोपल्यावरच प्रवासाची नोंद होते, म्हणून मध्येच संगणक बंद करावा लागेल अशी शक्यता असल्यास पुढचा टप्पा आरंभूच नये. ‘माय समर कार’मध्ये ही नोंद शौचालयात जाऊन करावयाची असते, आणि फिनलंडच्या या विनोदबुद्धीस चाळीच्या सामाईक नळ-संडासांच्या रांगांत वाढलेला माणूस मनापासून दाद देईल.

एक गंभीर सूचना येथेच देणे भाग आहे. खेळात फसलेला प्रवास मागील मुक्कामावरून पुन्हा सुरू करता येतो. खऱ्या रस्त्यावर ती मुभा नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. म्हणून खेळात कमावलेल्या आत्मविश्वासावर कोणी श्रावण-भाद्रपदातील रात्री कोकणचा रस्ता धरू नये.

यंत्रसामग्रीसाठी फार खर्च करण्याचे कारण नाही. हे खेळ छोट्या कारागिरांचे असल्यामुळे चित्रांचा थाट बेताचा असतो, आणि ‘जॅलोपी’ साधारण प्रतीच्या संगणकावर सुखाने चालतो. ‘माय समर कार’ आणि ‘द लाँग ड्राइव्ह’ यांस मात्र थोडे अधिक बळ लागते. ग्राफिक कार्ड घ्यावयाचेच असेल तर लॅमिंग्टन रोडवर चार दुकानांत भाव विचारून, पावती आणि वॉरंटीचा कागद हाती घेऊनच घ्यावे. जुने घेत असाल तर दुकानातच जोडून दाखविण्याचा आग्रह धरावा. सुकाणूचे खेळणे विकत घेण्याची घाई करू नये. कळफलकावर पहिला प्रवास पूर्ण झाल्यावर त्याची खरोखर गरज आहे का, हे आपोआप कळते.

राहिला सोबतीचा प्रश्न. ल्युत्फीकाका लायकाच्या शेजारच्या आसनावर बसून सूचना देतात, आठवणी सांगतात, आणि चालविण्यास मात्र कधीही हात लावीत नाहीत. प्रत्येक मराठी कुटुंबात असे एक काका असतातच, तेव्हा त्यांच्याविषयी निराळे वर्णन नको. पण घरच्या घरी हा खेळ दोघांनी मिळून खेळावा असे मी आग्रहाने सुचवितो. एकाने कळफलक घ्यावा. दुसऱ्याने जवळ वही ठेवून पेट्रोल, तेल, चाके आणि शिल्लक यांची नोंद करावी, नकाशा वाचावा, आणि पुढच्या सरहद्दीवर काय चालत नाही ते आधीच सांगावे. नातवंडे चालवीत असतील तर वहीचे काम आजोबांनी घ्यावे, कारण टाकीत किती पेट्रोल उरले याचा अंदाज काट्यावर विसंबून न करता आपल्या वहीवरून करण्याची सवय ज्या पिढीस होती, ती पिढी अजून दादर-गिरगावात आहे. दर मुक्कामास जागा बदलाव्यात. आजोबांच्या हाती सुकाणू आले, की ते पहिल्याच वळणावर गिअर शोधण्यासाठी हात सुकाणूच्या डाव्या बाजूस नेतील. त्यांस हसू नये, आणि पुढच्या पंपावर तेलाची बाटली घेण्याची आठवण मात्र त्यांनाच करू द्यावी.